सोलापूरहून क्रूझ: नवरा-बायकोच्या छोट्या समुद्रसहलीचं पूर्ण नियोजन

क्रूझच्या जाहिरातीत '३ रात्री' असं लिहिलेलं असतं, पण सोलापूरकरांना त्यात मुंबईला जाण्यायेण्याचा वेळ धरावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत नसतेच: त्या तीन रात्रींत बंदरावर पाय ठेवायला मिळतात ते फार तर पाच-सहा तास. ते कशात घालवायचे हे घरून ठरवून गेलं, तर सहल छान होते. नाहीतर अर्धा वेळ टॅक्सीवाल्याशी भाव करण्यात आणि उरलेला घड्याळाकडे बघण्यात जातो. म्हणून सगळं नियोजन तासांच्या हिशोबाने करायचं.

आधी महिना ठरवा

पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो आणि मुंबईहून सहली बंद असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी बोटीचं नाव काढताच 'रामदास'ची आठवण काढली, तर त्यांना हेच सांगा. १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आताची जहाजं फार मोठी आहेत, हवामानाचा अंदाज आधी कळतो, आणि त्या दिवसांत ती या बाजूला फिरकतही नाहीत.

समुद्र सर्वांत शांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि ३१ डिसेंबर सोडा. भाडं चढतं, जहाज खच्चून भरतं, आणि जलतरण तलावात पोहण्यापेक्षा उभं राहणंच जास्त होतं. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे सोलापूरची यात्रा, असते. त्या दिवसांत घरी पाहुणे येणार असतील तर बायको निघणार नाही आणि नवऱ्यानेही हट्ट धरू नये. माझ्या मते जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि फेब्रुवारी हा जोडप्यासाठी सर्वांत चांगला काळ. जमलं तर शनिवार-रविवार टाळून मधल्या वाराची फेरी घ्या. भाडंही बहुधा कमी असतं.

कोणता मार्ग घ्यायचा

मुंबईहून सध्या नियमित धावणारं मोठं जहाज म्हणजे कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस'. १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने ते पाण्यात उतरलं आणि सप्टेंबर २०२१ पासून भारतात आहे. लांबी २१० मीटरच्या आसपास. जुनं जहाज आहे, त्यामुळे समाजमाध्यमांवर दिसणारी परदेशी महाकाय जहाजं डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. पहिल्या अनुभवाला ते पुरेसं मोठं आहे, आणि हरवण्याइतकं अवाढव्य नाही हेही बरंच.

वेळापत्रक बघताना प्रत्येक दिवसापुढे काय लिहिलंय ते वाचा. 'ॲट सी' किंवा 'हाय सीज' म्हणजे त्या दिवशी जमीन नाही. दोन रात्रींच्या काही फेऱ्या कुठेही न थांबता समुद्रात चक्कर मारून परत येतात. ज्यांना फक्त खायचं, झोपायचं, नाचायचं आहे त्यांना त्या ठीक. पण गाव बघायची हौस असेल तर बंदराचं नाव स्पष्ट लिहिलेली फेरीच घ्या. मुंबई–गोवा–मुंबई ही सर्वांत सोपी. सुट्टी जास्त असेल तर लक्षद्वीप किंवा कोचीचा थांबा असलेली लांब फेरी.

सिंगापूरहून निघणाऱ्या फेऱ्यांची भुरळ अनेकांना पडते. त्यासाठी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत सिंगापूरला येतं म्हणून तिथे पुन्हा प्रवेश करता येईल असाच व्हिसा लागतो. पहिल्याच वेळी एवढा व्याप कशाला? समुद्र मानवतो की नाही, हे आधी गोव्यापर्यंत जाऊन बघा.

पैशाचा खरा आकडा काढा

नवी पेठेतल्या ट्रॅव्हल एजंटकडे जा नाहीतर मोबाइलवर बुकिंग करा, प्रश्न एकच विचारायचा: 'दोघांचे मिळून, सगळं धरून, किती?' जाहिरातीतला आकडा बहुधा माणशी असतो आणि एका केबिनमध्ये दोघे आहेत असं गृहीत धरलेला असतो. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी चढतो. हे तिन्ही लेखी मागून घ्या.

तिकिटात मुख्य उपाहारगृहातलं जेवण, नाश्ता, तलाव, बरेचसे कार्यक्रम येतात. दारू, खास उपाहारगृहं, स्पा, वाय-फाय, फोटो आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. जहाजावरचा फोटोग्राफर तुम्हाला दर वळणावर गाठेल. फोटो काढून घ्यायला हरकत नाही, प्रत घेतली तरच पैसे पडतात. बाहेरचा खर्च किती हे तुमच्या सवयींवर आहे, पण तिकिटाच्या साधारण पाव रक्कम वेगळी ठेवली तर हात आखडावा लागत नाही.

रद्द करण्याच्या अटी बुकिंगआधीच वाचा. तारीख जवळ येईल तसा परतावा घटत जातो आणि शेवटच्या दिवसांत काहीच मिळत नाही. गरोदर असाल तर कितव्या आठवड्यापर्यंत प्रवेश देतात, हेही पैसे भरण्याआधी विचारा. क्रूझवर साधारण २४ आठवड्यांनंतर प्रवेश देत नाहीत.

केबिन

आतली केबिन म्हणजे खिडकी नाही. दिवा बंद केला की सकाळी अकरालाही मध्यरात्र. स्वस्त असते आणि झोप गाढ लागते, फक्त गजर लावायला विसरू नका, नाहीतर नाश्ता हुकेल. समुद्र दिसणाऱ्या केबिनची खिडकी उघडत नाही, पण पहाटे पडदा सरकवला की समोर नुसतं पाणी. लग्नाचा वाढदिवस वगैरे निमित्त असेल तर माझं मत खिडकीवाल्या केबिनला. या जहाजावर बाल्कनी मोजक्याच, महागड्या स्वीट (मोठ्या, ऐसपैस खोल्यांच्या) वर्गात मिळते. तिच्यासाठी दुप्पट पैसे घालण्याइतका वेळ तुम्ही खोलीत बसणार आहात का, ते एकमेकांना विचारा.

जागा निवडता येत असेल तर मजला खालचा आणि केबिन जहाजाच्या मध्यभागी घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. वर जाल तसे आणि टोकाकडे जाल तसे ते वाढतात. नकाशात वरच्या मजल्यावर बरोब्बर डोक्यावर नाचघर किंवा तलाव तर नाही ना, तेही बघून घ्या. दोन वेगळे पलंग जोडून हवे असतील तर बुकिंग करतानाच सांगा, तिथे जाऊन लाजत सांगण्यापेक्षा ते बरं.

मुंबई गाठणं

जहाज बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवरून सुटतं. सोलापूरकरांचं नशीब असं की हे ठिकाण सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

सर्वांत भरवशाची गाडी अर्थात सिद्धेश्वर एक्सप्रेस. आदल्या रात्री बसा, सकाळी मुंबईत. वंदे भारत सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोचते. दिसायला ते सोयीचं वाटतं, पण प्रवेशाची वेळ दुपारी असते आणि जहाज सुटण्याच्या काही तास आधीच ती बंद होते. घाटात गाडी अडकली तर सगळं मुसळ केरात. शिवाय ती गुरुवारी सोलापूरहून सुटत नाही. म्हणून जाताना सिद्धेश्वर, येताना वंदे भारत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. क्रूझ त्याच्याही आधी ठरत असेल तर ६० व्या दिवसाची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा, सिद्धेश्वरची तिकिटं रेंगाळत नाहीत.

आता सोलापूरहून मुंबईला विमानही सुरू झालंय. वेळ जुळली तर घ्या, पण जहाज सुटण्याच्या दिवशीचं विमान धरू नका.

सकाळी उतरल्यावर मधे पाच-सहा तास उरतात. कुलूप लावलेल्या बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा, आंघोळ-नाश्ता उरका. दादर-जुहू वगैरे बेत करू नका. फोर्ट भागातच फिरा.

बॅगेत काय

टर्मिनलवर मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला काही तास लागू शकतात. म्हणून एक हातपिशवी वेगळी भरायची: ओळखपत्रं, औषधं, पोहण्याचे कपडे, चार्जर, एक जोड कपडे. लोक संध्याकाळपर्यंत तलावाकडे नुसते बघत बसतात, कारण पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेत असतात. तलावात नायलॉनचेच कपडे चालतात, सुती टी-शर्ट आणि हाफ पँटवर उतरू देत नाहीत.

आपल्याला कोरड्या हवेची सवय. समुद्रावर दमट असतं, धुतलेलं वाळत नाही, म्हणून एखादा जोड जास्त घ्या. आत मात्र एसी एवढा की शाल लागतेच. साडी नेसायची असेल तर रात्रीच्या जेवणाला जरूर नेसा, तेव्हा बरेच जण नटून येतात. डेकवर वाऱ्यात पदर सांभाळणं ही कसरत आहे, तिथे सलवार-कमीज बरी. ओल्या डेकसाठी न घसरणारी चप्पल घ्या.

इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्त्या आगीच्या धोक्यामुळे काढून घेतात. केबिनमध्ये उदबत्ती किंवा निरांजनही लावता येत नाही, सकाळची पूजा हात जोडून. घरचं शिजवलेलं अन्न आणि दारू आत नेऊ देत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी गाडीतच संपवा. अगदीच राहवत नसेल तर चटणीचं कारखान्यातून सीलबंद आलेलं पाकीट ठेवा, आणि तपासणीत काढून घेतलं तर वाद घालू नका.

जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते. एखादी एकादशी मधे येत असेल तर पहिल्याच दिवशी उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाला सांगून ठेवा. फळं, दूध, उकडलेले बटाटे मिळायला अडचण येत नाही. साबुदाण्याच्या खिचडीची अपेक्षा करू नका.

बोट लागू नये म्हणून

डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते. या दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. एसटीत बसल्यावर ज्यांना गाडी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यता जास्त, पण हमखास लागतेच असं नाही.

उपाय मळमळ सुरू होण्याआधी करायचा. ॲव्होमिनसारखी गोळी आधी घेतली तर उपयोग होतो, उलटी सुरू झाल्यावर फारसा नाही. तिने झोप येते, आणि तिच्यावर दारू चालत नाही. रक्तदाब, काचबिंदू, प्रोस्टेट यांचं काही असेल किंवा इतर औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. जहाजावर अस्वस्थ वाटलं तर केबिनमध्ये पडून मोबाइल बघू नका. मधल्या भागातल्या उघड्या डेकवर जा, क्षितिजाकडे बघा, आलं चघळा, कोरडं बिस्कीट खा. रिकामं पोट आणि तुडुंब पोट दोन्ही वाईट. आणि बुफेत पहिल्या रात्री तुडुंबच होतं.

चढल्यावर पहिले दोन तास

ओळखपत्र दाखवलं की एक कार्ड मिळतं. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि जहाजावरचं उधारीचं खातं. रोख पैसे तिथे चालत नाहीत, खर्च खात्यावर चढतो आणि शेवटी हिशोब होतो. कार्डाने काहीच खर्च केल्यासारखं वाटत नाही, म्हणून रोज रात्री स्वागतकक्षात किंवा टीव्हीवर बिल बघत जा.

मग सुरक्षा कवायत. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटलं तेव्हा नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. टाळू नका. संकटाच्या वेळी आपली जमण्याची जागा कुठल्या जिन्याने गाठायची, ते दोघांनी एकदा चालून बघा, लिफ्टने नाही.

मोबाइल विमान मोडवर टाका. किनारा सुटला की आपलं नेटवर्क जातं आणि फोन आपणहून जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडू शकतो. त्याचं रोमिंगचं बिल डोळे पांढरे करणारं असतं. नेट नाही म्हणजे यूपीआयही नाही. घरी मुलांना किंवा आई-वडिलांना कंपनीचा संपर्क क्रमांक देऊन ठेवा आणि 'फोन लागला नाही तर घाबरू नका' हे दोनदा सांगा.

गोवा: एकच ठिकाण निवडा

जहाज वास्कोजवळच्या मुरगाव बंदराला लागतं. उतरण्याच्या रांगेत अर्धा-पाऊण तास जातो, आणि सुटण्याच्या वेळेच्या किमान तासभर आधी परत पोचायचं. समजा जहाज ११ ते ६ थांबतंय. हातात राहतात जेमतेम पाच तास. त्यात बागा-कळंगुट आणि चर्च आणि बाजार असा बेत करणारी जोडपी दोन तास फक्त काचेतून गोवा बघतात. उत्तर गोव्याचे किनारे या थांब्यात धरूच नका.

समुद्रच हवा असेल तर बोगमाळो. बंदरापासून अगदी जवळ, छोटा, निवांत किनारा. वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. देवदर्शन हवं असेल तर फोंड्याकडे मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा, दोन्ही एकाच बाजूला आहेत. अंगभर कपडे घालून जा. दुपारी दर्शन बंद असण्याची शक्यता धरून आधी चौकशी करा. जुनं गोवं घेतलं तर बॉम जेझू बॅसिलिका आणि रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल, दोन्ही चालत होतात. पण मला विचाराल तर जोडप्यासाठी पणजीचं फोंतेन्हास. रंगीत घरांच्या गल्ल्यांतून तासभर चाला, मग मासळीचं ताट, किंवा शाकाहारी असाल तर भाजी-पाव, आणि परत. पणजी ३० किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता चांगला आहे, पण संध्याकाळच्या गर्दीचा वेळ वेगळा धरा.

गोव्यात ओला-उबरवर विसंबू नका. बंदराबाहेरच टॅक्सी ठरवा, जाणं, थांबणं आणि परत आणणं यांचा एकच आकडा बसण्याआधी पक्का करा. अर्धे पैसे आधी, बाकीचे परत बंदरावर. म्हणजे चालक तुमच्यासाठी थांबतो.

एक फरक नीट समजून घ्या. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज साधारणपणे थांबतं. तुम्ही स्वतः केलेल्या टॅक्सीला उशीर झाला तर थांबत नाही. कंपनीची सहल महाग आणि गर्दीची असते, पण लांब जायचं असेल तर तीच घ्या. जवळच जायचं असेल तर टॅक्सी. जहाजाचं नाव, बंदराचं नाव आणि परतीची वेळ कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा.

सोलापूर–गोवा विमानामुळे काही जण विचारतात की जाताना जहाज आणि येताना विमान, असं करता येईल का? मुंबई–गोवा एकेरी तिकीट त्या फेरीला मिळत असेल तर करता येईल. फक्त ते विमान मोपाहून सुटतं, मुरगाव बंदराच्या शेजारच्या दाबोळीहून नाही. मोपा उत्तर टोकाला आहे, त्यामुळे टॅक्सीचं भाडं आणि दोन तास हिशोबात धरा.

लक्षद्वीप आणि कोची

लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी त्याची व्यवस्था करते, पण कागदपत्रं ते मागतील त्या तारखेआधी द्यायला हवीत. आधार कार्डावरचं नाव आणि बुकिंगचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे इथे घोळ होतात, ते घरीच निस्तरा.

जहाज बेटाला लागत नाही. दूर उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून नेतात. मोठ्या जहाजातून हलत्या होडीत पाऊल टाकायचं असतं, गुडघे दुखणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा. वारा जोराचा असेल तर कप्तान उतरणं रद्द करतो, आणि त्यावर भांडून काही होत नाही. रोख पैसे न्या. बंगाराम सोडून बेटांवर दारूबंदी आहे. वस्तीजवळच्या किनाऱ्यावर अंगभर कपडे ठेवा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

कोचीत जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी एवढंच करा. मासेमारीची चिनी जाळी, १५२४ मध्ये वास्को द गामाला जिथे पुरलं ते सेंट फ्रान्सिस चर्च, मग मट्टनचेरीचा राजवाडा आणि १५६८ चं सिनेगॉग. शुक्रवारी राजवाडा आणि सिनेगॉग दोन्ही बंद, सिनेगॉग शनिवारीही बंद. कसवू साडी (केरळची सोनेरी काठाची) घ्यायची असेल तर हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक सोलापूरच्या माणसाला समजवायची गरज नाही, काठ उलटून बघा.

उतरताना आणि परतताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे, चपला आणि औषधं आत ठेवून मगच बॅग बंद करा. बिल त्याच रात्री तपासा. सकाळी स्वागतकक्षासमोर सगळं जहाज रांगेत असतं आणि न घेतलेल्या पेयाचा वाद तेव्हा कोणी ऐकत नाही.

जहाज सकाळी मुंबईला लागलं तर दुपारी ४ वाजून ५ मिनिटांची वंदे भारत आरामात मिळते आणि रात्री पावणेअकराच्या सुमारास सोलापूर. उतरण्याचा दिवस बुधवार असेल तर ती मुंबईहून सुटत नाही, मग रात्रीची सिद्धेश्वर. वेळा निघण्याआधी आयआरसीटीसीवर एकदा बघून घ्या, बदलत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस असेल तर वंदे भारतच बरी.

घरी आल्यावर आंघोळीला उभं राहिलं की न्हाणीघर हलल्यासारखं वाटतं. शरीराला डुलण्याची सवय झालेली असते, एक-दोन दिवसांत जाते. तेवढे दिवस स्कूटर जपून चालवा. त्याहून जास्त टिकलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.